बटव्याचं नाव कुणाचं? जपानी चहाघरातल्या किनखाबाबद्दल

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? बरं.

आज सुरुवात एका कबुलीनं करायची आहे. याच व्याख्यानमालेत जपानी चहाविधीबद्दल, म्हणजे चानोयूबद्दल बोलताना आम्ही एक वाक्य टाकून गेलो होतो : चानोयू म्हणजे श्रीमंतीला दिलेला शांत नकार. वाक्य ऐकायला छान होतं. लोकांनी मानाही डोलावल्या. व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या एवढ्याशा बरणीला किनखाबाचा बटवा कशाला शिवतात हो?" आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आजचं बोलणं म्हणजे त्या बाईंना उशिरानं दिलेलं उत्तर आहे, आणि ते आमचं सुंदर वाक्य मागे घेण्याचा कार्यक्रमही.

आधी तो बटवा नीट पाहू. चहाविधीतला चहा दोन प्रकारचा. पातळ चहा, त्याला उसुचा म्हणतात. आणि दाट, जवळजवळ लापशीसारखा चहा, तो कोइचा. पातळ चहाची पूड बहुधा लाखेचा लेप दिलेल्या लाकडी डबीत असते आणि त्या डबीला सहसा अंगरखा नसतो. दाट चहाचा मान मोठा. त्याची पूड ठेवतात भाजलेल्या मातीच्या छोट्या बरणीत. तिचं नाव चाइरे. मुठीत मावेल एवढी असते, वर हस्तिदंती झाकण, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सोन्याचा वर्ख. आतल्या बाजूला, हे लक्षात ठेवा. सोनं चहाघरात आहे, फक्त ते कुठे ठेवायचं याचे नियम आहेत.

ही चाइरे पाहुण्यांसमोर उघडीवाघडी येत नाही. ती येते शिफुकु नावाच्या रेशमी बटव्यातून. आत रेशमी अस्तर, तोंडाशी ओवलेली नाडी, नाडीची ठरावीक गाठ. यजमान गाठ सोडतो, बटव्याचं तोंड दोन्हीकडून अलगद सैल करतो, बरणी बाहेर घेतो आणि बटवा बाजूला ठेवतो. चहा पिऊन झाला की मुख्य पाहुणा विनंती करतो, वस्तू पाहायला मिळतील का? मग यजमान तीन वस्तू मांडतो : बरणी, चहा काढायचा बांबूचा चमचा, आणि रिकामा बटवा. पाहुणे त्या जमिनीशी वाकून पाहतात, हात फार उंच न उचलता, पडल्या तर फुटू नयेत म्हणून. आणि मग प्रश्नोत्तरं होतात. बरणीचा आकार कोणता, कुठल्या भट्टीची? चमचा कुणी घडवला, त्याला नाव आहे का? आणि बटव्याचं कापड कोणतं?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा आपला विषय. उत्तर येतं ते असं : "रिक्यू दोन्सु." किंवा "फुनाकोशि कान्तो." किंवा "सुमिनोकुरा किन्रान." दोन शब्दांचं उत्तर. दुसरा शब्द विणीचा प्रकार सांगतो. किन्रान म्हणजे सोन्याच्या पट्ट्या घालून विणलेलं कापड, आपल्या किनखाबाचं भावंड. दोन्सु म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या चमकेतल्या फरकातून नक्षी उमटवणारं रेशीम, ज्यात सोनं नसतंच. कान्तो म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं कापड. आणि पहिला शब्द? पहिला शब्द बहुतेक वेळा एखाद्या माणसाचं नाव असतो.

या सगळ्या नामांकित कापडांना मिळून जपानीत मेइबुत्सुगिरे म्हणतात. मेइबुत्सु म्हणजे नावाजलेली वस्तू. आणि गिरे, मूळ शब्द किरे, म्हणजे कापलेला तुकडा. सरळ मराठीत सांगायचं तर : नावाजलेल्या चिंध्या. हसू नका, शब्दाचा अर्थ खरंच तोच आहे.

आता नावं बघा. जोओ दोन्सु, रिक्यू दोन्सु, ओरिबे दोन्सु, एन्शू दोन्सु. ही चहागुरूंची मालिकाच झाली. ताकेनो जोओ (1502 ते 1555), त्याचा शिष्य सेन नो रिक्यू (1522 ते 1591), रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे, ओरिबेचा शिष्य कोबोरि एन्शू (1579 ते 1647). म्हणजे कापडांची यादी वाचली की गुरुपरंपरा पाठ होते. सुमिनोकुरा किन्रान हे क्योतोच्या सुमिनोकुरा र्‍योइ या व्यापाऱ्याच्या नावावर. त्याची जहाजं व्हिएतनामपर्यंत जात. कापडावर फुलाशेजारी बसलेला ससा, तोच ससा ओळीनं पुन्हा पुन्हा. ताइतो किन्रान, ज्याला दाइतो असंही म्हणतात, हे झेन भिक्षू दाइतो कोकुशी यांच्या चीवराचं, असं परंपरा सांगते. फुतारि शिझुका किन्रानबद्दल सांगतात की आशिकागा योशिमासा या शोगुनानं त्या नावाचं नो नाटक करताना हे कापड अंगावर घातलं होतं. आणि योशिनो कान्तो हे नाव योशिनो तायू या सतराव्या शतकातल्या क्योतोच्या प्रसिद्ध गणिकेवरून. तिच्यावर जीव असलेल्या श्रीमंतानं तिला दिलेलं कापड, अशी कथा आहे.

गुरू, व्यापारी, भिक्षू, शोगुन, गणिका. कोण नाही या यादीत? विणकर नाही. एकही नाही.

आणि इथे आमची खरी तक्रार सुरू होते. 1906 साली ओकाकुरा काकुझो यांनी इंग्रजीतून चहावर ते छोटं पुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी जपानचा चहा त्याच पुस्तकातून ओळखला, आम्हीही. त्यात शेवटच्या भागात ते असं सुचवतात की जपानच्या कितीतरी कापडांना चहागुरूंची नावं आहेत, कारण त्यांचे रंग आणि नक्षी त्या गुरूंनी कल्पिली. पुस्तकाबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं, मेइबुत्सुगिरेच्या बाबतीत हे खरं नाही. यातली बहुसंख्य कापडं चीनमध्ये विणली गेली. सोंग, युआन आणि त्याहून जास्त मिंग काळात. काही भारतातून, काही इराणकडून, काही आग्नेय आशियातून आली. रिक्यूनं रिक्यू दोन्सुची नक्षी काढली नाही. त्यानं ते कापड निवडलं, वापरलं. कल्पिणं आणि निवडणं या दोन क्रियांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात अख्खी माणसं गडप होतात. ज्यांनी माग लावला, नक्षीचे धागे बांधले, सहा महिने पाठ वाकवून बसले, ती माणसं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तरी कुठे? पैठणीवर विणकराचं नाव असतं का? नाही. पण पैठणी निदान गावाचं नाव घेते. गावाच्या नावात विणकर अस्पष्ट का होईना, उभा असतो. मालकाच्या नावात तो उभाच राहू शकत नाही.

थोडं थांबून दुसरी बाजूही पाहू, कारण निवड ही छोटी गोष्ट आहे असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. ही कापडं जपानमध्ये कशी आली ते बघा. बरीचशी आली ती झेन भिक्षूंच्या अंगावरून. चीनमधल्या गुरूनं शिष्याला परंपरा सोपवली की खूण म्हणून वस्त्र द्यायचं, आणि ते वस्त्र किन्रानचं असायचं. याला जपानीत केसा म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतोय? तो आपलाच काषाय. आता गंमत अशी की भिक्षूचं चीवर मुळात चिंध्यांचं. टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं, कुणालाही ज्याचा मोह पडू नये असं. विनयपिटकात कथा आहे की बुद्धांनी मगधातली बांधबंदिस्तीची भातशेती दाखवली आणि आनंदानं त्या वाफ्यांसारखं तुकड्या-तुकड्यांचं चीवर शिवलं. जपानी केसा आजही त्याच वाफ्यांच्या रचनेत शिवतात. फरक एवढाच झाला की चीन आणि जपानपर्यंत पोचता पोचता चिंध्यांच्या जागी किनखाब आला. पण नियम पाळायचा म्हणून अखंड किनखाब आधी कापायचा आणि मग तुकडे जोडून शिवायचा! निर्मोहाचा नियम आणि सोन्याचा मोह, दोघंही एकाच वस्त्रात सुखानं नांदतायत. आणि हे वस्त्र जुनं झालं, मठाबाहेर गेलं, की त्याला पुन्हा कात्री. आता त्याचा बरणीचा बटवा होतो, किंवा चित्रगुंडाळीची किनार.

किनारीचंही सांगायला हवं. चहाघरात भिंतीवर जी गुंडाळी टांगतात, ती पुष्कळदा एखाद्या भिक्षूच्या हस्ताक्षराची असते. काळी शाई, चार-सहा अक्षरं, आशय बहुधा असा की सगळं सोडून दे. या कागदाच्या लगेच वर आणि खाली कापडाची एक अरुंद पट्टी असते, इचिमोन्जि. संपूर्ण गुंडाळीतलं सगळ्यात उंची कापड तिथे लावतात, आणि ते बरेचदा किन्रान असतं. सगळं सोडून दे, आणि त्याच्या लगत सोन्याची पट्टी. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा आम्हाला ते ढोंग वाटलं. आता तसं वाटत नाही. का, ते विणीतून सांगतो.

आपल्या जरीत काय करतात? चांदीची तार ओढून चपटी करायची, ती रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची, वर सोन्याचं पाणी. कलाबतू. तो धागा सगळीकडून चमकतो, वळवला तरी चमकतो. किन्रानचं सोनं निराळं. पातळ कागदावर लाख लावायची, तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा, आणि तो कागद केसासारख्या बारीक पट्ट्यांत कापायचा. ही कागदी पट्टी आडव्या धाग्याच्या जागी घालायची. तिला एकच सोनेरी बाजू, मागची बाजू कोरा कागद. म्हणजे घालताना ती कुठेही पिळली जाता कामा नये, नाहीतर सोन्याऐवजी कागद दिसेल. कापड नवं असताना याची झळाळी सपाट, आरशासारखी. पण वर्ख झिजतो. शंभर-दोनशे वर्षांत तो जागोजाग निघतो, खालची लाख दिसू लागते, तपकिरी, कुठे लालसर. आणि नक्षी अर्धी सोन्यात, अर्धी सावलीत राहते.

चहागुरूंच्या हाती ही कापडं आली ती बहुधा नवी नव्हतीच. ती जुनी, वापरलेली, झिजलेली, आणि कापून लहान झालेली होती. तळहाताएवढं सोनं, अंधाऱ्या खोलीत, कागदी दारातून आलेल्या उजेडात. तुलना करायची तर टोयोतोमी हिदेयोशीची सोन्याची चहाखोली आठवा. 1586 साली त्यानं ती सम्राटाच्या वाड्यात उभी केली. भिंती, छत, भांडी सगळं सोन्याचं. त्याच हिदेयोशीचा चहागुरू रिक्यू. इतिहास शिकवताना आपण या दोघांना समोरासमोर उभं करतो : एक सोन्याचा, एक मातीचा. आम्हीही तेच केलं होतं. पण रिक्यूच्या चहातही सोनं आहे. प्रश्न सोनं असावं की नसावं हा नाहीच, किती दिसावं, किती वेळ दिसावं, आणि ते किती झिजलेलं असावं, हा आहे. बटवा काही मिनिटं समोर राहतो, मग निघतो. ही नकाराची भाषा नव्हे. ही मापाची भाषा आहे. आणि हे माप ठरवायला पैसा लागतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. झिजलेलं सोनं परवडायला आधी सोनं परवडावं लागतं. तेव्हा त्या बाईंना आमचं पहिलं उत्तर हे : तुमचा संशय बरोबर होता.

आता कान्तोकडे येऊ, आणि आम्ही पक्षपाती आहोत हे आधीच सांगून टाकतो. सगळ्या मेइबुत्सुगिरेमध्ये आम्हाला सगळ्यात धाडसी वाटतं ते हे पट्ट्यांचं कापड. किन्रानला दाद द्यायला धैर्य लागत नाही. ते राजाचं कापड आहे, ते सगळ्यांनाच आवडतं. पट्टे म्हणजे काय? उभे धागे रंग बदलून लावले की झाले पट्टे. त्याला नक्षीचा माग लागत नाही. दक्षिणेकडच्या समुद्रातून, जहाजातल्या इतर मालाबरोबर आलेलं साधं कापड. त्याचं मूळ ठिकाण कुठलं याबद्दल जपानी लोकांचाच इतका गोंधळ की कान्तो हा शब्द चार-पाच वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात. त्यातली एक जोडी चीनच्या कँटनची आहे. अशा बेवारस कापडाला चहावाल्यांनी उचललं आणि सोन्याच्या कापडाशेजारी बसवलं. फुनाकोशि नावाच्या एका सामुराईच्या आवडीमुळे एक पट्टा अजरामर झाला. इथे निवड ही खरी कला आहे, असं आम्ही मानतो. कुणीही न पाहिलेलं पाहणं.

याच समुद्री वाटेवर आपलीही गावं आहेत. मोरू नावाचं धातूच्या तारेचं कापड मेइबुत्सुगिरेत आहे. तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला 'मुघल' असं मानतात. आज जपानी पोरं नाताळच्या झाडावर जी चमचमती झिरमिळी लावतात तिलाही मोरूच म्हणतात. शहाजहान काय म्हणाला असता कोण जाणे! सारासा म्हणजे आपली छापील-रंगवलेली सुती चिटं. हिकोनेच्या ई घराण्यानं जमवलेले चिटांचे 450 नमुने तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सान्तोमे पट्टे म्हणजे साओ तोमे, चेन्नईचं मैलापूर. आणि एक नाव आहे : चाउ-जिमा.

हे नाव आम्हाला एका जपानी शब्दकोशात भेटलं, तेही दुसराच शब्द शोधताना. चाउ-जिमा : पातळ रेशमी कापड, पुरुषांच्या हाकामासाठी, म्हणजे त्या घोळदार चुण्यांच्या विजारीसाठी वापरलं जाणारं. पोर्तुगीजांनी आणलं. भारतातल्या चौलचं म्हणून चाउ. होय, आपलं चौल. अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं ते. नारळी-पोफळीच्या वाड्या, दत्ताची जत्रा. आम्ही शालेय वयात तिथे सहलीला गेलो होतो आणि बंदर होतं एवढंच सांगितलं गेलं होतं. लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस 1583 पासून काही वर्षं गोव्याला आर्चबिशपच्या पदरी होता. त्यानं चौलच्या रेशमी विणकामाचं वर्णन केलंय आणि कच्चं रेशीम चीनमधून येतं असं नोंदवलंय. म्हणजे वाट बघा : रेशीम चीनचं, विणलं चौलला, नेलं पोर्तुगीजांनी, नेसलं जपान्यांनी. 1639 मध्ये पोर्तुगीजांना जपाननं हाकलून दिलं. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, 1681 ते 1684 या तेन्ना काळात, क्योतोच्या विणकरांनी हे कापड स्वतः विणायला सुरुवात केली. नाव तेच ठेवलं. ते लिहिताना त्यांनी आवाजाला जुळतील अशी दोन चिन्हं घेतली. त्यातलं पहिलं, 'चा', हे चहाचं चिन्ह आहे. अर्थाशी संबंध नाही, निव्वळ उच्चारासाठी. पण आम्हाला त्याचं हसूही आलं आणि आत कुठेतरी काही हललंही.

चाउ-जिमा हे बटव्याचं मानाचं कापड नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ते बटव्याच्या यादीत नाही, बटव्यासमोर बसणाऱ्या पाहुण्याच्या अंगावरचं म्हणा फार तर. पण ज्या समाजानं कापडाला नेहमी मालकाचं नाव दिलं, त्याच समाजानं अनोळखी गावाचं नावही सांभाळलं, ते गाव आपणच त्या अर्थानं विसरलेलो असताना. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. आपल्या पुस्तकांत ते किल्ला म्हणून आलं, तह म्हणून आलं. कापड म्हणून आलं नाही.

बरं. आता सगळ्यात वादाच्या मुद्द्यावर. ही मूळ कापडं आज उरलीत किती? बटवा बरणीच्या आधी झिजतो. नामवंत बरण्यांना म्हणूनच एकापेक्षा जास्त बटवे असतात. प्रत्येक मालक आपल्या आवडीचा शिववतो, जुने फेकत नाहीत, पेटीत ठेवतात. एन्शूला तर या बटव्यांच्या निवडीचा फारच सोस. कागा प्रांताच्या माएदा घराण्यातल्या तोशित्सुनेनं सतराव्या शतकात थेट नागासाकीला माणसं पाठवून विदेशी कापडं खरेदी केली. त्या संग्रहातला मोठा भाग आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाकीचं? तुकड्यांचे तुकडे होऊन वहीत चिकटवलेले. जाणकारांनी एकमेकांना नखाएवढे नमुने द्यायचे आणि ते चिकटवून वही करायची, अशी रीत होती. अखंड वस्त्राचं चीवर, चीवराचा बटवा, बटव्याचा नमुना. प्रेमाची ही पद्धत आम्हाला अस्वस्थ करते. मग मात्सुएचा जहागीरदार मात्सुदाइरा फुमाइ (1751 ते 1818) यानं 1789 ते 1797 या काळात नामांकित चहावस्तूंची 18 भागांची सूची छापली, त्यात कापडांना स्वतंत्र जागा दिली. नाव पक्कं झालं ते तिथे. आणि एकदा नाव छापलं गेलं की ते पाठ करता येतं, परीक्षेत विचारता येतं, आणि विकता येतं.

आज क्योतोत कुठल्याही चहासामानाच्या दुकानात जा. रिक्यू दोन्सुचा छोटा रुमाल, रिक्यू दोन्सुची पाकिटं, रिक्यू दोन्सु छापलेली वहीची कव्हरं, काही पॉलिएस्टरची. आम्हाला एकदा एका चहाला बोलावलं होतं. तो तिसरा प्रश्न आम्ही आठवडाभर घोकला होता, अगदी योग्य जपानीत. विचारला. यजमानीणबाईंनी गंभीरपणे उत्तर दिलं, आम्ही त्याहून गंभीरपणे वाकलो आणि मनात म्हटलं, बघा, चारशे वर्षं! बाहेर पडताना शेजारच्या आजी म्हणाल्या, छान आहे ना, गेल्या वर्षी निशिजिनला घेतलं त्यांनी. आमचा चेहरा पडला. आजींना मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. नक्षी तीच, नाव तेच, म्हणजे कापड तेच. याला उत्सुशि म्हणतात, नक्कल, पण 'बनावट' या अर्थानं नव्हे. पाठांतर या अर्थानं. राग एकच, गाणारा निराळा, असं म्हणा.

यावर आमच्या गटात अजून भांडण आहे. काही जणांना वाटतं की नाव असं सुटं झालं, कापडापासून वेगळं होऊन कशावरही छापता येऊ लागलं, तिथेच ही परंपरा पोकळ झाली. मला — माफ करा, आम्हा उरलेल्यांना — तसं वाटत नाही, पण एका अटीवर. निशिजिनमध्ये तात्सुमुरा हेइझो (1876 ते 1962) यांनी जुन्या कापडांच्या प्रतिकृती विणवल्या. प्रतिकृती विणायची तर मूळ कापडाचा धागा न् धागा मोजावा लागतो. पीळ किती, पट्टी किती रुंद, वीण कुठे चुकली आणि ती चूक पुढे कशी सावरली. म्हणजे त्या अनामिक चिनी विणकराच्या हाताची हालचाल चारशे-पाचशे वर्षांनी कुणीतरी पुन्हा करून बघतो. रिक्यूनं हे केलं नव्हतं. एन्शूनंही नाही. त्या विणकराच्या सगळ्यात जवळ गेला तो नक्कल करणारा. पॉलिएस्टरवर छापणारा ही मोजणी करत नाही. आमची अट एवढीच आहे. (आणि हो, तात्सुमुरांच्या कापडांना आज 'तात्सुमुरा-गिरे' म्हणतात. शेवटी कापड करवणाऱ्याचं नाव आलं! पण त्यांच्या हाताखाली मागावर बसलेल्यांचं? तिथे पुन्हा तेच.)

मागच्या रांगेतून हात वर आलाय... हां, बोला. प्रश्न असा आहे की मग रिक्यूचं नाव काढून टाकावं का. नाही. ते नाव नसतं तर ते जुनं चिनी रेशीम कुणीतरी पुसायला घेतलं असतं आणि आज आपल्यापुढे काहीच नसतं. नावानं कापड वाचवलं, हे मान्यच आहे. आमचं म्हणणं फक्त तिसऱ्या प्रश्नापुरतं आहे. संग्रहालयात बरणी आणि बटवा शेजारी ठेवतात. चिठ्ठीवर बरणीची भट्टी असते, शतक असतं, आणि बटव्यापुढे नुसतं नाव असतं. तिथे 'चीन, मिंग काळ, विणकर अज्ञात' एवढे चार-पाच शब्द काही चिठ्ठ्यांवर हल्ली दिसू लागलेत. आम्ही ते वहीत उतरवून घेतो.

त्या बाई आज आल्यात का? चौथ्या रांगेत? नमस्कार. चौलला आमचा गट याच हिवाळ्यात जाणार आहे, तुम्हीही चला. तिथे कापडाचं काही सापडेल अशी आशा कमी आहे, पण वरच्या आणि खालच्या चौलमध्ये माग कुठे असतील, पाणी कुठून येत असेल, रेशीम उतरवायचा धक्का कुठे असेल, ते चालत बघून यायचंय.